इटालियनमधली ताई

"काय म्हणते ताई?" पुस्तक मिटत मॅडमनी विचारलं. इटालियनमधूनच.

ताई असती तर काहीतरी म्हणाली असती.

"बरी आहे," ती म्हणाली. "बाळ झोपूच देत नाही तिला."

मॅडम खूश. या विद्यार्थिनीचं इटालियन घेऊन बी.ए.चं तिसरं वर्ष होतं, शेवटचे आठ दिवस. वर्गात सुरुवातीला अकरा जण होते. आता उरले होते तिघं, आणि त्यातले दोघं एकमेकांत इतके गुंतलेले, की त्यांना इटालियनची काय, कुठल्याच भाषेची गरज नव्हती. तास संपला की ते दोघं निघून जायचे, ही मागे राहायची. मग मॅडम विचारायच्या, काय म्हणते ताई? दिवसभरात तिला कुणी विचारलेला तेवढा एकच प्रश्न.

सगळा घोळ केला होता पहिल्या वर्षीच्या दुसऱ्या धड्यानं. 'माझं कुटुंब', किमान दहा वाक्यं. तिच्या घरात माणसं दोन, ती आणि बाबा. तीन वाक्यांत कुटुंब संपलं. चौथ्या वाक्यात ताई जन्माला आली, तीही एकदम चोवीस वर्षांची. मग ताई काही थांबेना. प्रवासाच्या धड्यात ती समुद्रावर जाऊन आली, भूतकाळ शिकवला तेव्हा तिचं लग्न लागलं, दवाखान्याच्या धड्यात तिला दिवस गेले. आणि हे सगळं अस्खलित! आपल्या भाषेत या मुलीला उशिरा येण्याची साधी थाप धड मारता यायची नाही.

मॅडमनी पर्समधून गुलाबी फितीचं मोठं फूल काढलं. घरीच केलेलं, एक पाकळी जरा तिरकी.

"तिकडे मुलगी झाली की हे दाराला लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. ताईला दे. नाही, थांब, असं कर. शनिवारी निरोपाचा चहा आहे ना, तिलाच घेऊन ये. बाळालाही आण. तीन वर्षं नुसतं ऐकतेच आहे मी."

मला ताई नाही. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तर तिला पहिल्या महिन्यापासून येत होतं. पण ते म्हटलं की ताई गेली असती. आणि ताईच्या मागोमाग तो प्रश्नही.

"आणते," ती म्हणाली.

घरी पोचली तर बाबा आधीच आलेले. नवलच. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि शहरात कुठे ना कुठे कुणीतरी अडकलेलं असायचंच. ते मोरीपाशी उभे राहून हातांचं ग्रीस काढत होते. तिनं टेबलावर ठेवलेल्या फुलाकडे त्यांनी मान वळवली.

"हे कशाचं?"

"दाराला लावायचं असतं. मुलगी झाली की."

"कुणाला झाली?"

"ताईला."

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या धड्यापासून शनिवारपर्यंत. बाबांच्या हातातला साबण हातातच राहिला.

"म्हणजे मी सासरा झालो, आजोबा झालो," ते म्हणाले, "आणि मलाच पत्ता नाही."

तिनं मान खाली घातली.

"जावई काय करतो?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"हे बरं केलंस. माझी दाढ कधीची दुखतेय."

तिला हसू आलं. बाबांनी हात धुतले, मग पुसले. सावकाश, एकेक बोट वेगळं.

"आणि मी? मी काय करतो तिथे?"

लिफ्टच दुरुस्त करता, असं म्हणून टाकता आलं असतं. पण सांगितलंच आहे, तिला थाप मारता यायची नाही.

"तुम्ही सातला घरी येता. मग सगळे जेवायला बसतो आपण. खूप आरडाओरडा असतो."

टॉवेल खुंटीला अडकवायला बाबांना जरा जास्तच वेळ लागला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"कितवा मजला? किती जण आहेत आत? त्यांना म्हणावं, दाराला हात लावू नका. निघालो."

त्यांनी अवजारांची पिशवी खांद्याला लावली. दारात थांबले.

"शनिवारी किती वाजता?"

"चारला. पण मी सांगणार आहे मॅडमना. ताई नाही म्हणून."

"सांग की. पण एकटी कशाला जातेस? मी येतो. त्यांना काय म्हणू मी?"

"काही नको. त्यांना आपली भाषा येते, बाबा."

"येऊ दे. मला एक तरी वाक्य दे."

तिनं विचार केला. "सोनो सुओ पाद्रे."

"म्हणजे?"

"मी हिचा बाबा."

त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बाबा जिने उतरू लागले, आणि ती चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून ऐकत राहिली. तिसऱ्या मजल्यावर वाक्य अख्खं ऐकू आलं. दुसऱ्यावर मधला शब्द गळाला. पहिल्यावर पावलं थांबली. मग तेच वाक्य, सुरुवातीपासून, थोडं मोठ्यानं.