उरलेला दाणा

डबा प्रयागबाईपुढे आला तेव्हा तिच्या मुठीत दोन दाणे होते. एक हरभरा, एक शेंगदाणा. करार मान्य असेल तर हरभरा आत टाकायचा, नसेल तर शेंगदाणा. डब्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं, त्याच्या फटीतून हात घालायचा. आणि उरलेला दाणा तिथल्या तिथं तोंडात टाकायचा, म्हणजे कुणाचं मत काय होतं ते कुणाला कळायला नको. ही युक्ती कुशाबाईची. तिला धरून बाया अडतीस; त्यांतल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना आपलं अक्षर ओळखलं जाईल ही धास्ती होती.

कारखाना लोणीच्या रस्त्यावरचा, बटाटे निवडून पिशव्या भरायचा. बावन्न दिवस संप चालला होता. पहिल्याच दिवशी खंडोबाच्या याच सभामंडपात कुशाबाईनं सगळ्यांना भंडारा उचलायला लावला होता. आत जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. भंडाऱ्याची शपथ ती. जिनं घातली तिनं ‘सुटली’ म्हटल्याशिवाय सुटत नाही.

आता कंपनीनं कराराचा कागद पाठवला होता. पगारवाढ होती. दवाखान्याचं कार्ड पुन्हा सुरू होणार होतं. फक्त शेवटच्या कलमात एक नाव होतं: कुशाबाईला कामावर घेणार नव्हते. युनियन उभी करणारीला बाहेर ठेवून बाकीच्यांना आत बोलवायचं, हा डाव न कळायला कुणी दूधखुळं नव्हतं. पण पाचच्या आत उत्तर द्यायचं होतं, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून नवी भरती.

प्रयागबाईचा नवरा भिमाजी त्या कार्डावरच जगत होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. कार्ड बंद पडलं तसं दोनाचं एक झालं, आणि या आठवड्यात तेही नाही. त्याचे पाय असे सुजले होते की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून रात्र भिंतीला टेकून काढायचा. सकाळी ती निघाली तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “आज मिटंल ना?” ती म्हणाली, मिटंल. हरभरा तिनं उंबऱ्यातच ठरवला होता.

पण समोर खांबाला टेकून कुशाबाई बसली होती. तोंडाचं पार बोळकं झालेलं. दात गेले पण जीभ काही गेली नाही, असं बाया तिला चिडवायच्या, आणि तीच सगळ्यांत जास्त हसायची. लेकाच्या वेळी प्रयागबाईला दिवस गेले म्हणून कामावरून काढलं, तेव्हा हीच बाई फाटकात आडवी झोपली होती. आज मात्र ती फार काही बोलली नव्हती. ज्येचं त्येचं घर ज्येला ठावं, एवढंच म्हणाली होती.

प्रयागबाईनं हात आत घातला. हरभरा चिमटीत धरला होता. डोळ्यांपुढे भिमाजीचे पाय आले, मग ते फाटक आलं, आणि चिमटीतला दाणा बदलला. बोटं सुटली तेव्हा पडला तो शेंगदाणा. आपण नवऱ्याला मारलं, असं तिला वाटलं. तिनं हरभरा तोंडात टाकला, पण चावायचं धाडस होईना. तो तसाच गालात धरून ती जागेवर येऊन बसली. आजूबाजूला बाया कडाकडा हरभरे फोडत होत्या की आणखी काय, ते ऐकायला तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

सगळ्यांची मतं पडली, तसा युनियनचं लिहिणं-वाचणं बघणाऱ्या हर्षालीनं डबा सतरंजीवर ओतला. दोनदा मोजलं. शेंगदाणे सदतीस. हरभरा एक.

करार फेटाळला गेला होता. पाच वाजायला वीस मिनिटं होती. कुणी टाळी वाजवली नाही. मग एकेक करत माना प्रयागबाईकडे वळल्या. वावगं कुणी बोललं नाही. शेजारची बाई तर तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, जाऊ दे, तिच्या घरी तसंच हाये. ती कीव प्रयागबाईच्या काळजाला घरं पाडून गेली.

तिनं गालातला हरभरा काढला आणि तळहातावर ठेवून पुढे केला. भिजून फुगलेला, पण अख्खा.

“मपला ह्यो राहिलाय,” ती म्हणाली. “बघा.”

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी सतरंजीवरच्या त्या एकट्या हरभऱ्याकडे बोट केलं. तेवढ्यात कुशाबाई खांबाला धरून उठली.

“शपथ सुटली,” ती म्हणाली. “डबा परत फिरवा.”

शब्द जड आले, तोंडात काहीतरी असल्यासारखे. प्रयागबाईनं वर बघितलं. सगळ्यांची तोंडं केव्हाच रिकामी झाली होती. कुशाबाईचं अजून हलत होतं. तिच्या बिनदातांच्या हिरड्यांत एक शेंगदाणा काही केल्या फुटत नव्हता.