कॅप्टनची काच

दुकानदाराने तिसरा मॉनिटर चालू केला आणि विचारलं, "गेमिंगसाठीच ना?"

"हो. विमानाचा गेम आहे."

"स्वतः खेळता?"

"नाही. मी बाजूला बसतो."

दुकानदाराला यातलं काही कळलं नाही, पण गिऱ्हाइकाला फार खोदून विचारू नये एवढं कळत होतं. त्याने वक्र पडद्याचं गुणगान सुरू केलं. गिऱ्हाइकाने खिशातून टेप काढून रुंदी मोजली आणि मान हलवली. घरच्या प्लायवूडच्या चौकटीत बासष्ट सेंटिमीटरची जागा होती. त्यात वक्र पडदा बसणार नव्हता.

चौकट त्यानेच केली होती, वडिलांच्या खोलीत, विमानाच्या कॉकपिटसारखी. वडील तीस वर्षं वैमानिक होते, निवृत्त होऊनही दहा वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी एका सकाळी ते गणवेश घालून त्याच्या पलंगाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "को-पायलट अजून झोपलाय? सातला उड्डाण आहे." तेव्हापासून घरात ते कॅप्टन. डॉक्टरकडे चला म्हटलं की सांगायचे, माझी मेडिकल झालीय, आणि विषय तिथेच मिटायचा. योगायोग असा की त्याची नोकरी त्याच्या तीनच महिने आधी गेली होती आणि तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. ताई म्हणायची, एका परीने बरंच झालं, बाबांजवळ घरात कोणीतरी आहे.

मग रोज सातच्या आत दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि उजवीकडची खुर्ची. दाढीचा एक खुंट राहिला तरी कॅप्टन उड्डाण रोखून धरायचे. चार तास हवेत, मग जेवण, मग परतीचं उड्डाण. मॉनिटर हा शब्द घरात काढायचा नाही, ती काच होती. हवेत असेपर्यंत बाबा शांत असायचे. एकदा मात्र त्याने अंथरुणातून उठायचंच नाकारलं. त्या दिवशी ते विमानतळावर जातो म्हणून निघाले आणि तासभर शोधल्यावर बागेतल्या बाकावर सापडले. छत्री आणि घराची किल्ली तेवढी आठवणीने बरोबर घेतली होती.

दोन दिवसांपूर्वी जुन्या मॉनिटरवर एक हिरवी रेघ उमटली. "काचेला तडा गेलाय. अशा विमानातून मी माणसं नेत नाही," म्हणून कॅप्टन उठले ते थेट बाहेरच्या दाराशी गेले. ताईने वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीच होती. नवी काच त्यांना चालली तर ठीक, नाहीतर एक तारखेला बाबांना तिकडे न्यायचं, असं दोघांचं ठरलं. आत्ता ती बाबांपाशी बसली होती आणि दर दहा मिनिटांनी त्याला फोन करत होती.

चौथा मॉनिटर चकचकीत होता. त्याच्या काळ्या पडद्यात त्याला आपला चेहरा लख्ख दिसला. म्हणजे बाबांना आकाशाच्या आधी स्वतःच्या सुरकुत्या दिसणार, मागचा पलंग दिसणार, दोरीवरचा टॉवेल दिसणार. मग खेळ खलास.

त्याचा हात तिथेच थांबला. हाच घेतला तर? कोणी त्याला बोल लावणार नव्हतं. एक तारखेपासून सकाळी उठून वाटेल तिकडे जाता आलं असतं. त्या खुर्चीत दीड वर्ष जीव इतका कोंडला होता की हा विचार त्याला चक्क हवाहवासा वाटला. लगेच स्वतःची लाजही वाटली.

"याच्यात प्रतिबिंब फार पडतं," तो म्हणाला. "आणि त्या शेजारच्यावर संध्याकाळचं आकाश बघा. क्षितिजापाशी पट्टे पडतायत. केशरी रंग निळ्यात हळूच विरायला हवा."

दुकानदाराने चष्मा पुसून पाहिलं आणि त्यालाही पट्टे दिसले. हे तुम्हाला कसं कळलं, असं त्याने विचारलं. अकरा वर्षं छापखान्यात रंग तपासायचो, असं उत्तर मिळालं. दुकानदाराने आतून एक सपाट, बिनचमकीचा मॉनिटर आणला. खोकं बांधता बांधता म्हणाला, एवढं बारीक बघणारा माणूस मी वर्षभर शोधतोय, सोमवारपासून या की कामाला. विचार करा, मी फोन करतो.

घरी ताईने बाबांना स्वयंपाकघरात जेवणात गुंतवून ठेवलं. तेवढ्यात त्याने मॉनिटर चौकटीत बसवला आणि खालच्या कडेवरच्या कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावली. बाबा आले. वाकून बराच वेळ पाहत राहिले. 

"काच नवी दिसतेय," ते म्हणाले. "चला, निघू."

ताई हुश्श करून आपल्या घरी गेली. तिने बाहेरून दार ओढून घेतलं तेव्हा आपल्यालाच आत कोंडून घातल्यासारखं त्याला वाटलं.

विमान ढगांवर गेलं आणि फोन वाजला. दुकानदारच होता. हवेत असताना कॅप्टनना दुसरं काही ऐकू येत नाही अशी त्याची खात्री होती, म्हणून तो खुर्चीतूनच बोलला.

"सोमवारपासून दुकानात कामाला यायची फार इच्छा आहे हो. पण वडिलांना भ्रम झालाय. त्यांना सोडून मला घराबाहेर पडता येत नाही."

फोन ठेवताना त्याचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून त्याने उजवीकडे तोंड वळवलं. तिकडे नुसती भिंत होती.

 बाबांनी वाट बदलली आणि तीन तास आधीच विमान अलगद खाली उतरवलं. इंजिनं बंद केली. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पुढे वाकून पडद्याच्या कडेवरची काळी चिकटपट्टी नखाने सावकाश सोलून काढली.

"मॉनिटर चांगला निवडलास," ते म्हणाले. "आता तुला उठवायला सातच्या उड्डाणाची गरज नाही. त्या दुकानदाराला फोन कर आणि सोमवारपासून येतो म्हणून सांग."