उतारावरची जागा

चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरसमोर थंडीतल्या उन्हात चित्रा मटार सोलत बसली होती, तेव्हा पांडुरंगचा व्हिडिओ कॉल आला. पांडुरंग तिचा थोरला भाऊ, देवगडकडच्या खाडीकाठच्या वाडीत राहणारा. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा, कर्नल नरेश, पेपर वाचत होता.

वाडीचं सांडपाणी आजवर थेट खाडीत जात होतं. ते साफ करून सोडायची छोटी योजना मंजूर झाली होती. टाक्यांत गाळ खाली बसेल आणि वरचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून पुढे जाईल. जागा मात्र उतारावर हवी होती, म्हणजे पाणी आपसूक येईल, पंप लागणार नाही. पावसाळ्यात वाडीत वीज टिकत नाही. तशी जागा एकच होती, वडिलांनी चित्राच्या नावावर केलेली.

"तू नाय म्हटलंस तरी माका राग येवचो नाय," पांडुरंग म्हणाला.

चित्राने नरेशकडे पाहायचं टाळलं. त्याची निवृत्ती जवळ आली होती. बरोबरीच्यांनी पंचकुल्यात, झिरकपूरला फ्लॅट घेतले. नरेशने घेतला नाही. सोलापूरकडच्या या माणसाला खाडीकाठी, याच जागेवर घर हवं होतं. सगळी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर पहिलं स्वतःचं घर.

"दादा, जागा दाखय बघया," ती म्हणाली.

फोन हलत हलत उंडीच्या झाडाजवळून उताराने खाली गेला. ओहोटी होती. लांब वळणापाशी बायका चिखलात वाकून तिसऱ्या, शिंपल्या काढत होत्या. चित्राच्या जागेसमोर कुणीच नव्हतं. वाडीकडून आलेला काळा ओघळ तेवढा चिखलात उतरला होता.

"हय कोण नाय?"

"हयल्यो तिसऱ्यो आता कोण खायत नाय. पावसात माणसां आजारी पडली."

लहानपणी आईबरोबर ती तिथेच टोपली भरायची. तिने फोनचा आवाज बंद केला आणि तो मांडीवर पालथा ठेवला.

"जमीन तुझी आहे," नरेश म्हणाला. मालवणी त्याला अर्धीमुर्धीच कळायची, पण एवढी कळली होती.

"घर तुझं होतं."

त्याने पेपरची घडी घातली, ती मनासारखी बसली नाही म्हणून पुन्हा घातली. मग म्हणाला, "देऊन टाक."

"नक्की?"

"पक्का. तिथे घर बांधून तो ओघळ बघत बसायचं का?"

तिने पांडुरंगला हो सांगितलं. तो नुसतं "बरा" म्हणाला. ती फोन ठेवणार, तेवढ्यात नरेशने हात पुढे केला.

"दादा, एक सांगतो. टाक्या उंडीच्या झाडाच्या वरच्या अंगाला घ्या. खाली नको. उधाणाचं पाणी बुंध्यापर्यंत चढतं."

"बरोबर," पांडुरंग म्हणाला. "तसाच करतंव."

फोन बंद झाला. चित्रा नरेशकडे बघत राहिली.

"पाणी कुठवर चढतं, ते तुला कसं माहीत?"

"मागच्या सुट्टीत बघून ठेवलं होतं," नरेश म्हणाला. "आपल्या घराचं जोतं कुठे धरायचं, ते ठरवायला."