वाचून दाखवा

कागदावर दोनच ओळी होत्या, त्याही टाइप केलेल्या. गेले चार दिवस रोज सकाळी त्या कारखान्याच्या सूचनाफलकावर डकवलेल्या सापडत होत्या.

खटखट खटखट खिळे ठोकुनी खिडकी केली बंद,
धूर दाटला, धाप लागली, श्वास चालला मंद.

मास्तरांनी त्या मनातल्या मनात वाचल्या. एका ओळीत ख, दुसरीत ध, शेवटी नेटकं यमक. ही खोड त्यांच्या लेकीची. एखादं अक्षर आवडलं की लहानपणापासून ती ते सोडायची नाही, आणि मास्तर कौतुक करकरून तिला चढवत आले होते. आता ती इथेच शिवणविभागात होती. सासरचं आडनाव लावायची, म्हणून नातं कुणाला ठाऊक नव्हतं.

समोर बसलेला मॅनेजर शाळेत त्यांच्याच हाताखालून गेलेला. कवितेतलं कळणारे म्हणून त्यानेच त्यांना बोलावून घेतलं होतं, अजून अदबीने बोलत होता. संशय तिघींवर आहे, तो म्हणाला. एकेकीकडून वाचून घेऊ, लिहिणारी तुम्ही ओळखा, पुढचं पोलीस बघतील. ही नुसती जुळवाजुळव आहे, कुणीही करील, असं मास्तरांनी सांगून पाहिलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घंटी दाबली.

पहिली आली ती लेकच. बापाला पाहून ती पांढरीफटक पडली. मॅनेजर कागद उचलत होता तेवढ्यात मास्तरांनी मान किंचित नकारार्थी हलवली. पोरगी हुशार. तिने त्या ओळींची पार वाट लावली. ‘खिळे’वर थांबली, ‘बंद’ पुढच्या ओळीला जोडला, ‘धाप’ला दोनदा अडखळली. यमकाचा मागमूस उरला नाही. मॅनेजरने तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

दुसरी गुंड्या लावणारी. तिला सपाट वाचायचं होतं, ते दिसतच होतं, पण दुसऱ्या ‘खटखट’लाच जिभेने ठेका धरला. कागदाकडे न बघता तिने शेवट गाठला आणि घाबरून तोंडावर हात ठेवला. तिसरी इस्त्री करणारी. तिने कागद हातात घेतलाच नाही, भिंतीकडे बघत दोन्ही ओळी चालीवर म्हटल्या आणि रडायला लागली.

त्या गेल्या. मास्तरांना त्या दोघींची काळजी वाटू लागली. आपल्या लेकीपायी त्यांच्यावर बालंट यायला नको.

“या दोघी नव्हेत,” ते घाईघाईने म्हणाले. “त्यांना ती कविता नुसती पाठ झालीय.”

“तेच म्हणतोय मी, सर,” मॅनेजर म्हणाला. “अख्ख्या कारखान्याला पाठ झालीय. मलासुद्धा. मग त्या एकटीलाच का वाचता येत नाही?”