हरतालिकेचं उद्यापन

केतकीच्या मूत्रपिंडात फार दुर्मिळ जातीचा कॅन्सर निघाला. "असा पेशंट मी आजवर पाहिला नाही," म्हणत सिल्वासातल्या डॉक्टरांनी हात टेकले. तिने स्वतःच फोनाफोनी करून मुंबईचे डॉक्टर गाठले, औषध सुरू केलं. हाच आजार असलेल्या सांगलीच्या एका बाईंशी रोज बोलू लागली.

श्रावण सरता सरता नणंद शोभाताई तिच्या टोकरखाड्यातल्या सरकारी क्वार्टरवर भेटायला आल्या. चहा होताच म्हणाल्या, "केतकी, यंदा हरतालिकेचं उद्यापन उरकून घे बाई. व्रत अर्धवट राहिलेलं बरं नाही."

नवऱ्याने, चेतनने, मान खाली घातली. उद्यापनं अशी घाईने कधी उरकतात, हे घरात कुणाला सांगायला नको होतं.

"घेऊ या की," केतकी हळूच म्हणाली. "नाहीतरी डॉक्टरांनी निर्जळी उपास बंदच करायला सांगितलेत."

हरतालिकेला उद्यापन यथासांग झालं. शोभाताईंनी डोळ्यांना पदर लावला. गुरुजी दक्षिणा घेऊन उठले, तशी केतकी म्हणाली, "गुरुजी, अनंत चतुर्दशीला परत यायचं हं. मला अनंताचं व्रत धरायचंय."

"अगं, आता कशाला आणखी उपासतापास?" शोभाताई कळवळल्या.

"उपास कुठे, ताई? पूजा करून पोटभर जेवायचं."

गुरुजी घुटमळले. "वहिनी, ते चौदा वर्षं चालवावं लागतं."

"ठाऊक आहे," केतकी म्हणाली. "त्याहून लांबचं एखादं असेल, तर तेही सांगून ठेवा."