पालकाच्या वाफ्यातले मुळे

“बाबा, हा पालक नाही.”

सून खिडकीतून बोलली. सासरे वाफ्यात उकिडवे बसून खुरप्याने माती मोकळी करत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कोवळ्या पानांकडे पाहिलं.

“पालकच आहे. मी स्वतः पेरलाय. ही बघ पाटी.”

“पाटी असेल. पानं मुळ्याची आहेत.”

“तिथून तुला पानं ओळखू येतात होय? उगीच काहीतरी!”

खिडकीचा पडदा पडला. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. पायात चपला नव्हत्या, अंगावर रात्रीचेच कपडे. वाकून तिने एक रोप उपटलं आणि सासऱ्यांच्या तळहातावर ठेवलं. खाली दोऱ्यासारखं पांढरं मूळ लोंबत होतं.

“चावून बघा.”

त्यांनी पान चावलं. जिभेला झोंबलं. “हात्तिच्या! म्हणजे पुड्यांची अदलाबदल झाली म्हणायची.”

सासरे घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून, खसखशीएवढे स्क्रू ओळीने मांडण्यात त्यांची हयात गेली होती. अशा माणसाने पालक-मुळ्यात गल्लत करावी याचं सुनेला नवल वाटलं. पण वय झालं की व्हायचंच.

ती स्वतः छापखान्यात मुद्रितं तपासायची. एक वेलांटी चुकली तरी तिच्या डोळ्यांत खुपायची. हिवाळ्यात, सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं आणि ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली. तेव्हापासून कामावर गेली नव्हती, खोलीबाहेरही क्वचितच येई. घरात तो विषय कुणी काढत नसे.

त्या दिवशी तिने ‘पालक’ची पाटी उपटून ‘मुळा’ची लावली, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

पण प्रकरण तिथेच थांबलं नाही. काकडीसाठी बांधलेल्या मांडवावर जो वेल चढला, तो चढतच राहिला. एका सकाळी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली.

“अहो घड्याळजी! तुमच्या काकडीने माझी स्कूटर धरून ठेवलीय. मी कामाला जाऊ कशी?”

सून धावत गेली. हँडलला वेलाच्या ताण्यांनी चांगलाच विळखा घातला होता. ती एकेक ताणा हलक्या हाताने सोडवू लागली.

“काकडी कसली, भोपळा आहे हा!”

“तरीच,” सासरे गंभीरपणे म्हणाले. “मला वाटलंच, काकडी जरा अंगाने भरलीय.”

सुनेला हसू फुटलं. काकूही हसायला लागल्या. आत चहा गाळत असलेला नवरा काय झालं म्हणून गाळणी हातात घेऊनच बाहेर आला आणि दारातच उभा राहिला.

पण चहा पिताना तो बायकोला हळूच म्हणाला, “बाबांचं काहीतरी बिनसलंय गं. भोपळ्याची बी आणि काकडीची बी, लहान पोरसुद्धा ओळखेल.”

“मी बघते,” ती म्हणाली.

तिने सगळ्या बिया ताटात ओतून निवडल्या, डब्यांवर स्वच्छ अक्षरात नावं घातली. तरी मिरचीच्या ओळीत टोमॅटो उगवले. सासरे ते बघून इतके ओशाळले, की तिचाच जीव कळवळला. मग ती त्यांच्या आधी उठू लागली. अंगणात फिरून काय कुठे उगवलंय ते बघायची आणि गुपचूप पाट्या बदलून ठेवायची. सासरे आले की पाटी वाचायचे, रोप बघायचे आणि खूश व्हायचे.

“बघ, म्हटलं नव्हतं इथे वांगी लावलीत?”

“हो बाबा, तुम्हीच लावलीत.”

एवढ्यावर भागत नसे. मुळ्याला पाणी किती द्यायचं, रोपं कधी विरळ करायची, सगळं ते तिलाच पुन्हा पुन्हा विचारत. ते सांगता यावं म्हणून ती आधी शिकून घेई. काकूंनी टोमॅटोची रोपं मागितली, तर ती स्वतः त्यांच्या अंगणात जाऊन लावून आली. उन्हाने तिचे हात रापले, नखांत माती बसली.

मग एके दिवशी सासऱ्यांनी तिने पेरलेला गाजराचा वाफा उकरून त्यात पुन्हा गाजरंच पेरली.

“पेरली होती का? मला कसं आठवेना?”

तिने नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावली आणि दोघं त्यांना स्मृतिविकारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नाही-नाही म्हणत ते निघाले. वाटेत तिने त्यांचा हात सोडला नाही.

डॉक्टरबाईंनी त्यांना एकट्यालाच आत बोलावलं. सांगितलेले शब्द त्यांनी पुढून म्हणून दाखवले, मागून म्हणून दाखवले. शंभरातून सात-सात वजा करत न अडखळता खाली आले. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर सेकंदकाट्यासकट काढलं आणि भिंतीवरचं तुमचं घड्याळ मागे पडतंय, हेही सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजोबा, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मग ही बियांची काय भानगड?”

त्यांनी वळून दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाले, “सुनेला तुम्ही सांगा, थोडं विसरायला होतंय. सकाळी बागेत यांच्यासोबत कुणीतरी असायलाच हवं, असं सांगा.”