वीसपैकी वीस

रबरी पुतळा कुशीवर वळवून मी समाजमंदिरातल्या बायांना म्हणाले, “बेशुद्ध माणसाला असं झोपवायचं.” पॅरामेडिकच्या पदवीचं हे शेवटचं प्रात्यक्षिक, वीस मार्कांचं. मी हौसेनं माझंच गाव मागून घेतलं होतं. आई ठेवणीतली साडी नेसून, अख्खी आळी गोळा करून पुढे बसली होती. सर मागे मार्कांचा कागद घेऊन उभे होते.

आईनंच कौतुकानं आवाज दिला, “पाणी कसं पाजायचं, तेपण दाखव की!”

सात वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ जांभळावरून पडला. शुद्ध हरपली होती, श्वास चालू होता. रुग्णवाहिका येईपर्यंत आई त्याला मांडीवर घेऊन तांब्यानं पाणी पाजत राहिली. “शेवटचं पाणी तरी माझ्या हातचं प्यायला,” एवढ्यावर ती जगत आली होती. दुसऱ्या वर्षाला बेशुद्ध रुग्णाचं प्रकरण शिकले, तेव्हाच मला सगळं कळलं. तिला कधीच सांगायचं नाही, असं ठरवलं होतं.

सरांचं पेन थांबलं होतं.

“थेंबभरही पाजायचं नाही,” मी म्हणाले. “त्याला गिळता येत नाही. पाणी फुप्फुसात जातं आणि वाचणारा माणूसही गुदमरून मरतो.”

सरांनी मान डोलावली. आईकडे मी पाहिलंच नाही.

घरी आल्यावर घसा कोरडा पडला होता. “आई, पाणी दे गं.”

तिनं तांब्या उचलला, तसाच खाली ठेवला.

“तुझं तू घे,” म्हणाली.